भिंगरीची वाट

आमच्या बैठकीच्या खोलीत एक फोटो टांगलेला आहे. पाण्यालगत उडणारा एक चिमुकला पक्षी. चोच उघडी, खालची चोच पाण्याला टेकलेली आणि मागे पाण्यावर उमटलेली एक बारीक रेघ. डोक्यावर तांबूस टोपी, पोट पांढरंशुभ्र. उजवा पंख जरासा पुसट आलाय. घरी येणारा पाहुणा चहा येईपर्यंत त्याच्याकडे पाहत बसतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, "कॅमेरा कुठला हो?" त्यावर स्वयंपाकघरातून ठरलेलं उत्तर येतं, "कॅमेरा काय विचारता, वर्षं किती लागली ते विचारा!"

वर्षं आठ लागली. १९८९ ते १९९७. पण त्याच पक्ष्याचा ह्याहून कितीतरी सरस फोटो आमच्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली एका पाकिटात ठेवलेला आहे. पंखाचं पीस न् पीस मोजून घ्यावं इतका स्वच्छ. तो भिंतीवर कधी लागला नाही. का लागला नाही, ते सांगावं म्हणून आज लिहायला बसलो आहे.

आधी पक्ष्याची ओळख करून देतो. हिचं नाव तारवाली भिंगरी. संध्याकाळी जुन्या इमारतींभोवती चिरचिरत घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या आणि ह्या भिंगऱ्या यांत आपली नेहमी गल्लत होते. पाकोळीला तारेवर बसता येत नाही, तिच्या पायांची ठेवणच भिंतीला लटकण्यासाठी असते. भिंगरी मात्र तारेवर खुशाल बसते. हिवाळ्यात विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या दिसतात त्या बहुतेक माळभिंगऱ्या, दूर उत्तरेकडून आलेल्या पाहुण्या. तारवाली इथलीच, बाराही महिने राहणारी. चिमणीएवढी, पण चिमणीपेक्षा सडसडीत. पाठ झळाळती निळी, आणि शेपटीतून निघालेल्या दोन लांब, काळ्या, केसासारख्या तारा. म्हणून तारवाली. नदी, तळं, ओढा, कालवा असा कुठेतरी पाण्याचा शेजार तिला लागतोच. पाण्यावरची चिलटं उडता उडता खाते आणि पाणीही उडता उडताच पिते.

मी बँकेत कारकून होतो. रविवार मोकळा असे. १९८९ साली बोनसच्या पैशांतून रशियन बनावटीचा एक झेनिट कॅमेरा आणि कुणीतरी वापरून विकायला काढलेली ३०० मिलिमीटरची लेन्स घेतली. बगळे, ढोकरी, खंड्या असे बसलेले पक्षी काढून झाले आणि मग ह्या भिंगरीने वेड लावलं. पहिला ३६चा रोल धुवायला टाकला तेव्हा स्टुडिओवाल्याने मोठ्या सहानुभूतीने सांगितलं, "साहेब, रोल खराब निघालाय. नुसतं आभाळच आलंय. प्रिंट काढल्या नाहीत, धुण्याचेच पैसे द्या." रोल खराब नव्हता. मी काढलं होतं तेच आलं होतं. आभाळ, पाणी, आभाळ, एका चौकटीच्या कोपऱ्यात शेपटीची तार, पुन्हा आभाळ.

बँकेतला माणूस, म्हणून एकदा हिशेब मांडला. भिंगरी सहज रमतगमत उडते तेव्हा तिचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरा. म्हणजे सेकंदाला १० मीटर. माझ्या कॅमेऱ्याचा सर्वांत जलद वेग सेकंदाचा पाचशेवा भाग. तेवढ्या वेळात ती २ सेंटीमीटर पुढे सरकते. शेपटीच्या तारा सोडल्या तर पक्षी जेमतेम १४ सेंटीमीटरचा, त्यात २ सेंटीमीटर पुसले गेले तर उरलं काय? बरं, १० मीटरवरून माझ्या लेन्समध्ये जेमतेम चार फूट रुंदीचा तुकडा दिसे. ती चौकट ओलांडायला भिंगरीला लागतो सेकंदाचा आठवा भाग. आणि डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबायला माणसाला लागतो साधारण सेकंदाचा पाचवा भाग. याचा अर्थ, ती दिसली म्हणून मी बटण दाबलं तर ती गेलेलीच असणार. त्यात लेन्स हाताने फिरवून नेमकं अंतर साधायचं, आणि स्वच्छ दिसणारा पट्टा फूट-सव्वा फुटाचा. हिशेब पूर्ण झाला तेव्हा मला माझ्या रोलबद्दल वाईट वाटेनासं झालं.

उडता पक्षी पकडण्याची ही धडपड काही आजची नाही. एतिएन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ साली चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. खांद्याला दस्ता लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा; सेकंदाला १२ चित्रं निघत. पक्षी उडताना पंख नेमके कसे वरखाली होतात, हे त्याला पाहायचं होतं. पुढे अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक झगमगाटाचा दिवा तयार केला आणि गुंजनपक्ष्याचे न दिसणारे पंख कागदावर थांबवले. यातलं मर्म साधं आहे. जागा पुरेशी अंधारी असली की कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा आहे याला महत्त्व उरत नाही. जेवढा वेळ दिवा चमकला तेवढ्याच वेळाचं चित्र उमटतं. साधा फ्लॅशसुद्धा कमी ताकदीवर लावला तर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता चमकतो.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. भिंगरी अंधारात कुठे सापडेल? उत्तर सोपं होतं. तिच्या घरट्यापाशी.

मे १९९४. मुलीला सुटी लागली म्हणून आम्ही आठ दिवस सासुरवाडीला गेलो होतो. गावाबाहेर ओढ्यावर जुनी दगडी मोरी होती. उन्हाळ्याने ओढा आटला होता, मोरीखाली तेवढं एक डबकं उरलेलं. मोरीच्या आत, छताला लागून, ओल्या चिखलाचे गोळे चिकटवून केलेलं अर्ध्या वाटीसारखं घरटं. त्यातून चार पिवळ्या चोची बाहेर आलेल्या. नर-मादी दोघंही दर पाच-सात मिनिटांनी चारा घेऊन आत शिरत होती. मोरीच्या तोंडाशी घाणेरीचं झुडूप माजलेलं होतं. त्याला वळसा घालून, पंख किंचित मिटून ती सुळकन आत जात. दर वेळी तीच वाट, तीच उंची. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. चौकट ठरलेली, अंतर ठरलेलं, अंधार तयार!

दुसऱ्या दिवशी मेहुण्याकडून कोयता मागून घेतला आणि घाणेरी छाटली, नाहीतर फ्लॅशचा स्टँड बसेना. दोन फ्लॅश घरट्यापासून तीन-तीन फुटांवर लावले, कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला आणि केबल हातात घेऊन पाच-सहा पावलांवर बसून राहिलो. मुलगी सोबत होती. तेव्हा ती सहा वर्षांची. भिंगऱ्या मोरीच्या तोंडापर्यंत येत, गर्रकन वळत आणि परत जात. चोचीत चारा तसाच. आतून पिल्लांची चिवचिव. अर्धा तास गेला, तास गेला.

"बाबा, ती आत का येत नाहीये?" मुलीने विचारलं.

"होईल सवय," मी म्हणालो.

त्या दिवशी दोन तासांत त्या एकदाही आत आल्या नाहीत. अखेर मी सामान उचललं. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा गेलो. दीड तासाने मादी आत आली, मग नर. मी २१ फोटो काढले आणि शीळ घालत घरी आलो.

रविवारी निघायच्या आधी निरोप घ्यावा म्हणून मोरीवर गेलो. घरटं खाली पडलं होतं. वाळक्या चिखलाचे तुकडे, थोडी मऊ पिसं. पिल्लं नव्हती. कावळा, मांजर, की गावातली पोरं, कुणाला विचारणार? वरच्या टेलिफोनच्या तारेवर दोन्ही भिंगऱ्या बसल्या होत्या. एकीच्या चोचीत चारा होता.

म्हशी घेऊन एक म्हातारबाबा चालले होते. थांबले, वाकून मोरीत पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, घाणेरी तुमीच तोडली का? रस्त्यावरनं समदं दिसतंय आता." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी हो म्हणालो. ते म्हशींच्या मागे निघून गेले.

पुण्याला आल्यावर रोल धुतला. २१ पैकी एक फोटो असा निघाला की स्टुडिओवाला स्वतःच हरखला. आपण होऊन त्याने मोठी प्रिंट काढून दिली आणि म्हणाला, "साहेब, आता हा काचेत लावा." घरी आणला. सौ.ने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पिल्लं मोठी झाली का हो?" मी सांगितलं. तिने प्रिंट पाकिटात घातली. नंतर केव्हातरी मी तिच्या मागच्या बाजूला तारीख लिहिली. फोटो काढला त्या दिवसाची नव्हे, त्या रविवारची.

विख्यात ब्रिटिश पक्षीछायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ साली एका घुबडाने घालवला. घरट्याजवळच्या आडोशाकडे ते रात्री जात असताना घुबडाने झडप घातली. घरट्याजवळ जाण्याची किंमत तिथे छायाचित्रकाराने मोजली होती. माझ्या बाबतीत ती दुसऱ्या कुणीतरी मोजली.

त्यानंतर वर्षभर कॅमेऱ्यात रोल घातला नाही. वाचन मात्र चालू होतं. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला, त्याची हकीकत तेव्हा हाती लागली. शिडीवर कापडी आडोसा बांधून हा माणूस त्यात तासन् तास बसे. पक्षी समोर घरटी विणत, भांडत, संसार मांडत. एक नर अनेक घरटी विणतो आणि त्यांत वेगवेगळ्या माद्या नांदतात, हे त्यांना उमगलं ते असं बसून पाहिल्यामुळे. पक्ष्यांना आपल्या असण्याची सवय होईल असा हुकूम त्यांनी सोडला नव्हता. त्यांनी स्वतःला दिसेनासं केलं होतं. मला फार लाज वाटली.

१९९५च्या उन्हाळ्यात मी नुसती दुर्बीण घेऊन कवडीपाटला जाऊ लागलो. पुणे–सोलापूर रस्त्यावर, मुळा-मुठेवर तिथे एक जुना दगडी बंधारा आहे. थंडीत चक्रवाक आणि थापट्या पाहायला तिथे गर्दी होते. उन्हाळ्यात कुणी फिरकत नाही. नदीची दशा काय वर्णावी! शहराची सारी घाण, वर फेस, काठाला प्लॅस्टिक. पण घाणीवर चिलटं आणि चिलटांवर भिंगऱ्या. रविवारी दुपारी चार ते सहा मी काठावर बसून राही. सौ. म्हणे, "कॅमेरा नाही तर निदान भाजी तरी घेऊन या येताना."

काय पाहिलं ते सांगतो. भिंगरी आपल्याला वेडीवाकडी, वाटेल तशी उडताना दिसते. पण अर्धा तास एकाच जोडीवर नजर ठेवा. तिचा फेरा ठरलेला असतो. त्या तारेवरून निघायचं, बंधाऱ्याच्या अमुक टोकापाशी खाली यायचं, पाण्यालगत सरळ जायचं, वर उठून वळसा घ्यायचा आणि परत तारेवर. दुसरं, ती पाण्यालगत सावकाश उडते ती वाऱ्याला तोंड देऊन, आणि परत जाताना वारा पाठीशी घेऊन झपाट्याने निघून जाते. इथे माझा जुना हिशेब पुन्हा कामाला आला. समोरून सेकंदाला ५ मीटरचा वारा असेल तर १० मीटर वेगाने उडणारी भिंगरी जमिनीच्या हिशेबाने ५ मीटरच पुढे सरकते. वेग निम्मा झाला!

आता गंमत पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो. सूर्यही तेव्हा पश्चिमेलाच. आपण पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलो तर ऊन पाठीवर, वारा पाठीवर, आणि वाऱ्याला तोंड देणारी भिंगरी सावकाश, उन्हात उजळलेली, थेट आपल्या दिशेने येते. समोरून येणारा पक्षी चौकटीतून पळून जात नाही, नुसता मोठा होत जातो. पाठलाग करायची गरजच नाही. पाण्यावरच्या एखाद्या काडीवर अंतर आधीच साधून ठेवायचं आणि पक्षी तिथे पोचण्याच्या जरा आधी बटण दाबायचं. जरा म्हणजे किती, ते बोट शिकतं. त्यासाठी चांगला गुरू म्हणजे वेडा राघू. तो फांदीवरून झेप घेतो, माशी पकडतो आणि बहुधा त्याच फांदीवर परत येतो. जाताना हुकला तरी येताना मिळतो. खंड्या उडण्याआधी मान वरखाली करतो, पुष्कळदा शीटही टाकतो. पाहणाऱ्याला पक्षी आगाऊ वर्दी देतच असतात.

१९९६ साली पुन्हा रोल घातला. १९९७च्या एप्रिलमध्ये एका रविवारी, पावणेसहाच्या सुमारास, तोच झेनिट, तोच सेकंदाचा पाचशेवा भाग, तीच जुनी लेन्स. भिंगरी पाणी प्यायला खाली आली, काडीपाशी पोचली आणि माझं बोट आपोआप दाबलं गेलं. भिंतीवर आहे तो हा फोटो. अंग स्पष्ट आलं, पंख मात्र पुसट, कारण पंखाचं टोक अंगापेक्षा जास्त वेगाने फिरतं. मला तो पुसटपणा आवडतो. फोटो काढून झाल्यावर ती तारेवर जाऊन बसली आणि पिसं साफ करू लागली. तिचं काही बिघडलं नव्हतं.

आता माझी मुलगी नोकरी करते आणि तिच्याकडे नव्या पद्धतीचा कॅमेरा आहे. पक्ष्याचा डोळा तो स्वतः शोधतो, सेकंदाला वीस फोटो काढतो, आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे बटण दाबण्याच्या आधीचा अर्धा सेकंदसुद्धा साठवून ठेवतो. सेकंदाच्या पाचव्या भागाचं माणसाचं जन्मजात व्यंग यंत्राने भरून काढलं. मी कौतुकाने पाहत बसतो. पण गेल्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा भिंगरीमागे लागली तेव्हा एका सकाळीत चौदाशे फोटो घेऊन आली, आणि त्यांत बरे म्हणावे असे अकरा. ऊन समोरून, वारा समोरून, पक्षी सगळे पाठमोरे. आमच्या काळी आभाळ यायचं, आता भिंगरीची पाठ येते.

त्याच संध्याकाळी विम्याचे कागद शोधताना तिला ते पाकीट सापडलं. ती ओरडलीच, "बाबा, हा इथे काय करतोय? स्पर्धेला का नाही पाठवला कधी?" मी म्हटलं, पुष्कळ स्पर्धा आता घरट्यावरचे फोटो घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिने प्रिंट उलटी करून तारीख पाहिली. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ती मोरी का? मला आठवतंय. मी तुम्हाला विचारलं होतं, ती आत का येत नाही म्हणून."

इतक्या वर्षांत आमचं त्यावर बोलणं झालं नव्हतं. तिला आठवत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

हल्ली रविवारी तळ्यांवर, धरणांवर कॅमेरे घेऊन कितीतरी तरुण मंडळी दिसतात. बरं वाटतं. बंदुकीपेक्षा कॅमेरा केव्हाही चांगला. त्यांना एवढीच विनंती आहे: घरटं दिसलं तर डोळे भरून, लांबून पाहा आणि पुढे चला. झुडूप तोडू नका, फांदी वाकवू नका, जागा कुणाला सांगू नका. चोचीत चारा घेऊन पक्षी घुटमळताना दिसला तर तो तुमच्यामुळेच घुटमळतोय असं समजा आणि उठा. फोटो पुढच्या रविवारी मिळेल. पिल्लांना पुढचा रविवार मिळेलच असं नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं कवडीपाटला गेलो. मोठी लेन्स तिच्या हातात, दुर्बीण माझ्या गळ्यात. तारेवर जोडी बसलेली होती. मुलीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि विचारलं, "कुठून येईल, बाबा?"

"कॅमेरा जरा खाली ठेव," मी म्हटलं, "आणि आधी वारा कुठून येतोय ते बघ."